नावानिशी ऐकणं

फोंडा,
चवथीच्या आधीचा रविवार

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, गाणंही मिळालं. गाणं चार वेळा ऐकलं. नातवाकडून मोठे स्पीकर जोडून घेतले, खोलीचं दार लावलं आणि बसलो. धालोच्या, म्हणजे आपल्या बायकांच्या लोकनृत्याच्या, गाण्याला तू आजीची चाल जशीच्या तशी ठेवलीस आणि दुसऱ्या कडव्यानंतर आवाज उगाच चढवला नाहीस, हे मला फार आवडलं. आवाजाचं आपण समोरासमोर बोलू. पत्रात तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर मात्र लिहूनच देतो, म्हणजे तुला ते पुन्हा काढून वाचता येईल.

गाण्याखाली तू फक्त स्वतःचं नाव घातलंस आणि पुढे एक शब्द, ‘पारंपरिक’. संगणकावर सगळी जुळणी केलेला तुझा मित्र रुसला. तू मला विचारतेस, "गाणं तर मी म्हटलं ना, सर?"

म्हटलंस तूच. तरी तो रुसला ते बरोबर आहे.

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका कंपनीनं नाट्यगीतांची कॅसेट काढली. ऑर्गनची साथ माझी होती. आठ पदं, दोन दिवस. पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येई. एका पदात तबलजीचं बोट फुटलं, त्यानं चिकटपट्टी लावून पुढचं वाजवलं. कॅसेट हातात आली तेव्हा वेष्टनावर गायकाचं नाव होतं, कंपनीचं नाव होतं, किंमत होती. खाली बारीक अक्षरात ‘साथ : ऑर्गन, तबला’. वाद्यांची नावं छापली होती, वाजवणाऱ्यांची नव्हती. माझ्या आईनं ते वेष्टन उलटंसुलटं करून पाहिलं आणि देवाजवळ ठेवून दिलं. एक शब्द बोलली नाही. ते मला आजही लागतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण त्या कॅसेटपेक्षा मी जास्त शिकलो ते त्या चुकीतून. पुढे काही वर्षांनी आमच्या वाड्यावरच्या घुमट आरत्यांचं, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्यावर म्हणतात त्या आरत्यांचं, ध्वनिमुद्रण झालं. नावांची यादी मीच केली होती. म्हणणारे सगळे लिहिले, घुमटवाले लिहिले, शामेळ हे चर्मवाद्य वाजवणारा लिहिला. कासाळं, म्हणजे काशाच्या झांजा, वाजवणारा राहिला. त्याच्याशी माझं वैर नव्हतं, विसराळूपणाही नव्हता. नंतर मी ते मुद्रण लावलं तेव्हा उमगलं की मी आरतीभर कासाळं ऐकलंच नव्हतं. लय चढते तेव्हा सगळा मेळ त्या काशाच्या ठोक्यावर उभा असतो, आणि माझ्या कानाला तो नुसता गोंगाट वाटत आला होता. कानानं जे सोडलं ते हातानंही सोडलं. त्या चवथीला तो माणूस आरतीला आला, पण दाराजवळ बसला. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. छापलेलं वेष्टन काही बदलता आलं नाही.

म्हणून मी तुला ‘नाव द्यायला शीक’ असं सांगत नाही, ‘ऐकायला शीक’ म्हणून सांगतो. ज्याला तू ऐकलंस, त्याचं नाव घालायला तू विसरणार नाहीस.

आपल्याच मातीतल्या दोन माणसांचं सांगतो. दोघांचंही साल १९७७. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, तिच्यात जगभरचं संगीत आहे, आणि भारताचा आवाज आहे आपल्या केरीच्या केसरबाईंचा. साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. यानं सुटली आणि थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या. त्याच वर्षी ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे शब्द पोराटोरांच्या तोंडी झाले. अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस होता, माजोर्ड्याचा. व्हायोलिन वाजवायचे, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदासाठी स्वरलेखन करून द्यायचे, १९५८ साली मुंबईत त्यांनी हिंदुस्थानी रागांवरचं सिंफनी वादन उभं केलं. त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात ठेवलं. त्या काळी वाद्यवृंदाची मांडणी करणाऱ्याचं नाव पडद्यावर क्वचितच येई, आणि त्या कामात गोव्याची माणसं किती होती म्हणून सांगू! हळदोण्याचे चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड. गाणी आपल्या सगळ्यांच्या ओठावर आहेत, ही नावं कोणाला विचारून बघ.

एकीचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला. दुसऱ्याचं नाव घरोघर गेलं, पण ते कोणा माणसाचं आहे हे कळलं नाही. आणि केसरबाईंच्या त्या भैरवीतही तबला आहेच ना? नासाच्या यादीत ओळ आहे ती एवढीच : भारत, राग, ‘जात कहाँ हो’, गायिका सूरश्री केसरबाई केरकर. साथीदाराचं नाव त्या ओळीत नाही. मी ती भैरवी लावतो तेव्हा एकदा नुसता ठेका ऐकतो. त्या माणसासाठी माझ्या हातून तेवढंच होतं.

नावाची ही लढाई तबकडीइतकीच जुनी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला बसल्या तेव्हा गाणं संपल्यावर स्वतःच इंग्रजीत म्हणाल्या, "माय नेम इज गौहर जान." तबकड्या तयार होत जर्मनीत, तिथल्या कारागिरांना लेबलवर कोणाचं नाव घालायचं ते कळायला हवं होतं. पुढे चित्रपट आले आणि गायिकेचं नावच पुसलं गेलं. १९४९ च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. आपल्या मंगेशीच्या दीनानाथांची मुलगी ही. पुढे नावासाठी आणि रॉयल्टीसाठी त्या किती हट्टानं भांडल्या! लोक त्यांना हेकट म्हणाले. त्या हेकेखोरपणाचं फळ आज तू खाते आहेस.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण तुला ते कोणी सांगणार नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला ‘हे माझं सादरीकरण आहे’ असं म्हणवून घेण्याचा नैतिक हक्क आहे, आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड कोणी केली तर ती अडवण्याचाही. तो रॉयल्टीपेक्षा वेगळा. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा लिहून देऊन टाकता येत नाही, म्हणून सही करण्याआधी कागद वाचत जा. पण त्याच कायद्यात एक पोटवाक्य आहे, ते मला टोचतं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ, प्रासंगिक, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला कायदा कलाकारच मानत नाही. मोडतोड अडवण्याचा हक्क तेवढा त्याला ठेवला आहे. म्हणजे बघ, नाव घालत नाहीत हा रिवाज, आणि रिवाज आहे म्हणून हक्क नाही. रिवाज तुझ्या-माझ्यासारख्यांच्या हातून पडतात. तू तुझ्या छोट्या गाण्याखाली नाव गाळलंस तर तोच रिवाज तू आणखी एक दिवस पुढे ढकललास.

आता तुझा दुसरा प्रश्न. आम्ही जुने लोक नव्या संगीताला नावं ठेवतो, त्यात तथ्य किती?

मी पेटीवाला माणूस, तेव्हा मला जपूनच बोलायला हवं. माझं वाद्य परदेशातून आलेलं. बारा पट्ट्यांत सूर बांधलेले, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, सापडत नाहीत, असं म्हणत १९४० साली रेडिओनं हार्मोनियम बंद केली ती १९७१ पर्यंत. एकतीस वर्षं! आणि त्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. पेटीतून मींड खरंच निघत नाही. मग आमच्या आधीच्या पिढीनं काय केलं? गायक मींड घेतो तिथे बोट उचलायला शिकली. त्याला वाट मोकळी करून द्यायची, आणि तो सुरावर पोचला की हळूच हजर व्हायचं. वाद्यातली उणीव वादकानं कानानं भरून काढली.

आवाज सुरात बसवणारं ते ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. त्याच्यावरचा माझा आक्षेप तोच आहे जो माझ्या पेटीवर होता. तुझ्या गाण्यात ‘पिंगा’ या शब्दावर आजीच्या चालीतला सूर गंधाराच्या, म्हणजे ‘ग’च्या, जरा खाली लोंबतो. तू तो गायलीस, मला तुझ्या श्वासावरून कळतं. पण यंत्रानं तो उचलून पट्टीवर आणून ठेवला आहे. आजीचा सूर चुकला होता असं यंत्राला वाटलं. तुझा मित्र हुशार आहे, त्याला सांग की तेवढी जागा सोडून दे. त्यानं मूळ मुद्रण ठेवलं असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. यंत्राला मी दोष देत नाही, पण जागा सोडायला कान लागतो आणि तो यंत्र चालवणाऱ्याकडे हवा. आणि त्यानं मागे घातलेला तो मंद घुमटाचा नाद, तो कुठून आणला? खरा असेल तर वाजवणारा कोण? एखाद्या तयार नमुन्यांच्या संचातला असेल तर तसं लिही. मला तो गोड वाटला, म्हणून विचारतो.

लोक गाणं पुरं ऐकत नाहीत ही तुझी तक्रार खरी आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ ऐकल्याची नोंद होते, म्हणून गाणी पहिल्या तीस सेकंदांसाठी घडायला लागली आहेत. आलापाला तिथे जागा कुठली! पण लहान गाण्याला मी नावं ठेवणार नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. तासभर राग मांडणाऱ्या कलावंतांनी तेवढ्यात राग उभे केले. फरक एवढाच की ऐकणारा सुई उचलायला बसलेलाच असायचा. तू तुझं ऐकणं सांभाळ, लोकांचं तुझ्या हातात नाही. आठवड्याला एकच गाणं घे. पहिल्यांदा गाणाऱ्यासाठी ऐक. दुसऱ्यांदा गाणाऱ्याकडे लक्ष न देता तबला ऐक, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते, तबलजी कुठे थांबतो. तिसऱ्यांदा पेटी किंवा सारंगी. मग शोध की हे कोण होते. गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची. ‘घेई छंद मकरंद’ म्हटलं की आम्ही ‘वसंतरावांचं’ म्हणतो, तुझ्या वयाची मुलं २०१५ च्या चित्रपटाचं म्हणतात. मूळ १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकाचं संगीत आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं आणि शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, हे दोन्हीकडे राहून जातं. गोव्यात राहून आपण अभिषेकीबुवांना विसरायचं?

आणि तो ‘पारंपरिक’ शब्द. तो खोटा नाही, पण आळशी आहे. धालो कोणी रचले ते कोणालाच ठाऊक नाही, बरोबर. पण ही चाल तुझ्यापर्यंत आली कशी ते तुला ठाऊक आहे. मांडावर, म्हणजे धालो खेळतात त्या अंगणात, नाचून नाचून तुझ्या आजीनं ती राखली. शेजारच्या गावात हेच गाणं वेगळ्या वळणानं म्हणतात, मी ऐकलं आहे. तेव्हा लिही : पारंपरिक धालो गीत, चाल आजीकडून ऐकलेली. तिचं नाव लिही, माहेरचं गाव लिही, कारण चाल बहुधा तिथली असणार, विचारून घे. आजी अजून आहे, बाय. मोठ्या अक्षरात छापून तिला दाखव.

गाणं वितरणाला देताना गीतकार, संगीतकार, वादक असे रकाने येतात. घाईत रिकामे सोडू नकोस. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरी-अंकी आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो वहीत टिपून ठेव. त्याच पानावर त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते लिही. पैसे मिळतील न मिळतील. वर्षात हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय स्पॉटिफाय काही देतच नाही. वही मात्र राहील.

मित्राकडे आजच जा, फोन करू नकोस. चवथीला आमच्याकडे दोघंही या. आरतीला माणसं कमी पडतात आणि कासाळं घ्यायला कोणी तयार नसतं, तू घे.

आणि येण्याआधी एक काम कर. पत्रात तू लिहिलं आहेस, ‘तबल्याला एक मुलगा होता.’ त्याचं पूर्ण नाव विचारून ये.

तुझा,
सर