तुझ्या शिपायाला हे कुणी सांगितलं?

प्रिय मुली,

तुझी पानं वाचली, सोबतची चिठ्ठीही. गोष्ट सांगणारा ‘मी’ काढून ‘तो’ करू का, असं विचारतेस. युद्धाचा आवाका एका ‘मी’त मावत नाही, असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. नाहीच मावत. म्हणून तर ‘मी’ घ्यायचा.

तुझा शिपाई शिरोळ तालुक्यातला, पहिल्या महायुद्धात, 1916 साली, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकलेला. घोड्याचं मांस पुढ्यात आल्यावर तो गळ्यातली तुळशीची माळ काढतो, खिशात घालतो, पुन्हा चाचपतो. तिथं मला घास गिळवेना. आणि दोन पानांनी तोच गडी मला वेढ्यातल्या फौजेचा सेनापती जनरल टाऊनशेंड याच्या तारांमधला मजकूर ऐकवतो, सुटकेला निघालेली फौज कुठं अडली तेही सांगतो! अगं, त्याला हे कुणी सांगितलं? त्याला नदीच्या खालच्या अंगाला तोफा ऐकू येतात. त्या जवळ येतायत की लांब चालल्यात, एवढाच त्याचा प्रश्न. वाचकालाही तेवढंच ऐकू येऊ दे. ‘मी’ला दिसलं तेवढंच.

‘मी’ बोलतोय म्हणजे गडी जगला, ही वाचकाची पहिली समजूत. मग तो मरेल का, ही धाकधूक मागं पडते आणि 29 एप्रिलच्या शरणागतीनंतर, कैदेतल्या त्या वाळवंटी पायपिटीत, त्याच्यातलं काय शिल्लक राहील याची भीती सुरू होते. जर्मन लेखक रेमार्कनं ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या 1929 च्या कादंबरीत ही समजूतच मोडली. पुस्तकभर पाऊल नावाचा शिपाई ‘मी’ म्हणून बोलतो आणि अगदी शेवटी कुणी तिऱ्हाईत सांगतो, की ऑक्टोबर 1918 मध्ये तो पडला; त्या दिवशीच्या लष्करी अहवालात मात्र पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही. आधी ‘मी’ इतका घट्ट धरला, म्हणून तो ‘तो’ अंगावर येतो. तुझ्यासारखं पाचव्या पानावर सोडून नव्हे.

आणखी एक. त्या युद्धात फ्रान्समधून हिंदी शिपायांची जी पत्रं घरी यायची, ती सेन्सॉर वाचायचा; कितीतरी पत्रं दुसऱ्याच्या हातची असायची. म्हणजे ‘मी खुशाल आहे’ हेसुद्धा परक्या नजरेखाली. तुझा शिपाई घरी काय कळवतो आणि आम्हाला काय सांगतो, यांत फट ठेव. वाचक आपणहून तिथं शिरतो.

माझ्या पुस्तकाला प्रकाशकानं नकाशा आणि पार्श्वभूमीचं प्रकरण मागितलं होतं. दिलं नाही. प्रती गोदामात राहिल्या, ‘लढाईचा पत्ता लागत नाही’ असं परीक्षणही आलं. लागू नये म्हणूनच लिहिलं होतं ना! टेंबलाईकडच्या एका म्हाताऱ्या सुभेदारांना मी लढाई कशी होती विचारलं, तर म्हणाले, “म्होरच्याच्या बुटाची टाच. दुसरं काय दिसतंय?” आणखी बोलायचं राहिलं, ते गेले. पण त्या टाचेच्या जागी नकाशा मी आजही छापणार नाही. हट्टी म्हणोत बापडे.

करवीर नगर वाचन मंदिरात बस, मेसोपोटेमियावरचं मिळेल ते सगळं वाच. त्यातलं एक अक्षर शिपायाच्या तोंडी घालू नकोस. ‘मी’ला दिसलं तेवढंच, किती वेळा सांगू? तारांचं पान फाडून टाक, माळेचा प्रसंग पुढं ने. त्यानं ती पुन्हा गळ्यात घातली की नाही, हे तू लिहिलंच नाहीस. ते लिहून झालं की पानं घेऊन ये. जेवायलाच ये.