कोकोपीटमधील वापसा हाताने ओळखावा

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यात खरीप टोमॅटो घेतो. आजवर गादीवाफ्यावर रोपे केली. यंदा प्रथमच ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये (रोपांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये) कोकोपीट भरून घरच्या शेडनेटमध्ये बी टाकले. कोकोपीटची दाबलेली वीट भिजवून त्याच दिवशी ट्रे भरले. उगवण उत्तम झाली. पण बाराव्या दिवसापासून रोपे पिवळी पडू लागली, पानांच्या कडा करपल्या, वर हिरवे शेवाळ धरले आणि काही रोपे बुंध्याशी बारीक होऊन कोलमडली. दिवसातून तीनदा झारीने पाणी देतो, खत अद्याप दिलेले नाही. पुन्हा गादीवाफ्याकडे वळावे का?

उत्तर : वळू नये. आपल्या रोपांना एकाच वेळी तीन गोष्टींचा त्रास होत आहे आणि तिन्ही सुधारता येण्याजोग्या आहेत.

पानांच्या कडा करपणे हे बहुधा क्षारांचे लक्षण आहे. कोकोपीट हा नारळाच्या सोडणाचा भुसा. सोडणे अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवली जात असल्याने त्यात सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड राहतात. त्यातले सोडियम आणि पोटॅशियम भुशाच्या कणांना इतके घट्ट धरून असते की साध्या पाण्याने ते पुरते निघत नाही. म्हणून पुढच्या वेळी ५ किलोची वीट भिजवून, पाणी निथळून, नंतर १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवावी आणि सकाळी पुन्हा स्वच्छ धुवावी. कॅल्शियम त्या कणांवर जाऊन बसते आणि सोडियम सुटून वाहून जाते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शेवटची धुलाई तरी साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावी.

शेवाळ आणि कोलमड मात्र अति पाण्यामुळे आहे, आणि नवख्या माणसाची सर्वाधिक फसगत येथेच होते. कोकोपीटचा वरचा थर वाऱ्याने फिकट, कोरडा दिसतो, तेव्हा आत मुळापाशी ते चिंब असू शकते. जमिनीचा वापसा, म्हणजे योग्य ओलावा, आपण ढेकूळ हातात घेऊन ओळखतो, तसाच येथेही ओळखावा. ट्रे भरण्यापूर्वी मूठभर कोकोपीट दाबावे. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये. ट्रे भरल्यावर पाणी पाजलेला एक ट्रे उचलून त्याचे वजन हाताला लक्षात ठेवावे आणि तो स्पष्टपणे हलका लागेपर्यंत पुन्हा झारी हाती घेऊ नये. जूनच्या ढगाळ दिवसांत एक वेळचे पाणीही पुष्कळदा जास्त होते. ट्रे जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवावेत, म्हणजे खालच्या छिद्रांतून पाणी निथळते व मुळे जमिनीत शिरत नाहीत.

पिवळेपणाचे मुख्य कारण उपासमार आहे. कोकोपीटमध्ये पिकाला पुरेल असे अन्न जवळजवळ नसते; बियाण्यातला साठा संपला की रोप पिवळे पडणारच.

सध्याच्या ट्रेंपुरते सांगायचे तर, कोलमडलेली रोपे गड्ड्यासह काढून टाकावीत. उन्हाचा दिवस पाहून सकाळी एकदाच, खालून पाणी वाहीपर्यंत साधे पाणी द्यावे. अति पाणी नको म्हणून हेच जास्तीचे पाणी सुचवणे विसंगत वाटेल, परंतु क्षार धुवायला दुसरा उपाय नाही. मग ट्रे हलके होऊ द्यावेत आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, चार दिवसांनी २ ग्रॅम या प्रमाणात आळवणी करावी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतावे. मर, म्हणजे रोपे कोलमडणे, थांबत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम घेऊन बुंध्याशी आळवणी करावी. रोगकारक बुरशीला रोखणारे ट्रायकोडर्मा पुढच्या खेपेला भरण्यापूर्वीच मिसळावे. तांब्याच्या औषधाबरोबर ते एकत्र देऊ नये, कारण ट्रायकोडर्माही बुरशीच आहे.

टोमॅटोची रोपे साधारण २१ ते २५ दिवसांत लागवडीस येतात. आपली काही दिवस मागे राहतील, ती चालतील. रोप गड्ड्यासह कप्प्यातून उपसून पाहावे : मुळे पांढरी असून गड्डा अखंड निघाला तर ते रोप वाचले असे समजावे; मुळे तपकिरी, बुळबुळीत लागली तर महागड्या बियाण्याचा मोह सोडून ते रोप शेतात नेऊ नये.

प्रश्न : वापरलेले कोकोपीट पुन्हा चालते का?

उत्तर : मर झालेल्या ट्रेमधले रोपांसाठी मुळीच नाही. निरोगी ट्रेमधले शेणखतात मिसळून परसबागेला द्यावे. ट्रे मात्र धुऊन, निर्जंतुक करून अवश्य वापरावेत.