आम्ही दोघंही नोकरी करतो, महिन्यातून दोनदा गावी जाणं होतं. सहा महिन्यांच्या बाळाला घरचं खाणं द्यावं की तयार मिळणारं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या मते डब्यातलं दिलं तर बाळाचं पोट बिघडेल, आणि तुम्हाला रोज वेगळं शिजवायला वेळ नाही. आमच्या मुलाचं पोट लहानपणी एकदाच दणकून बिघडलं, आणि ते आजीच्या हातच्या, साजूक तुपातल्या खिचडीनं बिघडलं. म्हणून म्हटलं, आपणही उत्तर लिहावं. मी बाप आहे. बायको नर्स, तिची शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे भरवण्याचं काम अर्ध्याहून जास्त माझ्याकडे होतं.

तेव्हा तो साडेआठ महिन्यांचा होता. कोल्हापूरहून पुण्याला परत येत होतो. आईनं पहाटे मऊ खिचडी केली, बाळाला चटका बसू नये म्हणून जरा निवू दिली आणि थर्मासच्या डब्यात भरून दिली. कराडला थोडी भरवली. उरलेली झाकण लावून तशीच. पुढे रस्त्याचं काम, ट्रकांची रांग, आणि दुपारी एकच्या सुमारास तोच डबा पुन्हा उघडला. वास चांगला, चवही चांगली, मी स्वतः चमचाभर खाऊन पाहिली होती. घरी पोचेपर्यंत पोरानं तीनदा उलटी केली.

डॉक्टरांनी विचारलं, भात किती वाजता शिजवला होता? मग त्यांनी जे समजावलं ते मला तोवर माहीत नव्हतं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. अन्न एक तर ६० अंशांच्या वर कढत हवं, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. आम्ही निवलेली खिचडी थर्मासात घालून ती सहा तास नेमकी कोमट ठेवली होती. वर एकदा उष्टा चमचा त्यात बुडवला होता.

तेव्हापासून प्रवासापुरता मी घरचं-बाहेरचं हा हिशोबच सोडला. मी बघतो ओलं की कोरडं. शिजवलेलं ओलं अन्न कुणीही केलेलं असो, घराबाहेर त्याचं आयुष्य फार थोडं. कोरडं पीठ आणि वेगळ्या थर्मासात उकळतं पाणी नेलं, की भूक लागेल तेव्हा पाच मिनिटांत ताजं होतं. उरलं तर टाकून द्यायचं. दोन चमचे पिठाचा जीव तो काय!

आणि हे ‘इन्स्टंट’ प्रकरण काही कंपन्यांनी शोधलेलं नाही. सातूचं पीठ म्हणजे काय? भाजलेले गहू आणि डाळं दळून ठेवायचं, लागेल तेव्हा कालवायचं. फक्त यात एक बारकावा आहे आणि त्यात मी फसलो होतो. आपलं खिमट (तांदूळ-मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून, रवाळ दळलेलं) प्रवासात चालत नाही, कारण ते भाजलेलं असलं तरी शिजलेलं नसतं. थर्मासच्या पाण्यात ते कच्चंच राहतं. नाचणी सत्त्वाचंही तसंच, त्याला गॅसवर शिजवावंच लागतं. ही दोन्ही घरी द्यायची. सोबत न्यायला आधीच शिजून, फुलून झालेलं धान्य हवं: पोहे, साळीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, डाळं.

आमचं प्रमाण असं होतं: दोन वाट्या पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजायचे, त्यात अर्धी वाटी सालं काढलेलं डाळं, चिमूटभर भाजलेले जिरे. थंड झालं की मिक्सरमधून अगदी बारीक करून चाळून घ्यायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस निवांत टिकतं. तीन चमचे पीठ, वर कढत पाणी, झाकण ठेवून पाच मिनिटं, मग थोडं तूप. गोड हवं तर अर्धं केळं कुस्करून. डाळ्यानं सुरुवातीला काही बाळांना गॅस होतो, म्हणून आधी घरी चार दिवस देऊन बघा. कोणताच नवा पदार्थ प्रवासाच्या आदल्या दिवशी सुरू करू नका, मग तो घरचा असो की पाकिटातला. बाळाला काय सोसलं नाही ते कळायला घरच बरं.

आता पाकिटातल्याबद्दल. ते मी सरसकट वाईट म्हणणार नाही. त्यातलं धान्य आधी शिजवून मग वाळवलेलं असतं, म्हणूनच ते पाण्यात लगेच कालवलं जातं. शिवाय त्यात लोह मिसळलेलं असतं, आणि इथे घरचं खाणं खरंच कमी पडतं. बाळ जन्माला येताना लोहाचा जो साठा घेऊन येतं तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिन्यांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती. ‘आम्ही नाचणी देतो ना’ असं सगळेच म्हणतात. नाचणी कॅल्शियमला उत्तम, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तिच्यातलं लोह मात्र शरीराला फारसं लागत नाही. मोड आणले आणि जेवणाबरोबर लिंबाचे दोन थेंब किंवा संत्र्याच्या फोडीचा रस दिला तर थोडं जास्त लागतं. घरात चालत असेल तर अंडं आणि बारीक वाटलेलं मटण किंवा कलेजी यांना तोड नाही. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई जे लोहाचं सिरप देतात (अ‍ॅनिमिया मुक्त भारत या सरकारी योजनेत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली) ते सोसायटीत राहणारे लोक ‘आपल्यासाठी नाही’ म्हणून घेतच नाहीत. डॉक्टरांना विचारून घ्या.

मोडांचा आणखी एक फायदा सांगतो. मोड आलेल्या धान्यात पिष्टमय भाग फोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. त्यामुळे त्याच्या पिठाची पेज घट्ट न होता पातळच राहते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसतं. बाळाचं पोट एवढंसं, म्हणून हे महत्त्वाचं. मोड आणून वाळवलेली नाचणी अगदी मंद भाजायची, करपवली की हा गुण जातो. मोड आणून सत्त्व काढण्याची आजीची मेहनत वाया जाणारी नव्हती.

पाकिटाची खरी अडचण साखरेची. २०२४ च्या एप्रिलमध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेनं दाखवून दिलं की नेस्लेच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि जर्मनी-ब्रिटनमधल्या त्याच प्रकारच्या डब्यात ती नव्हती. गवगवा झाल्यावर कंपनीनं साखर न घातलेले प्रकार आणले. म्हणून पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. साखर, सुक्रोज, ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचा अर्क ही सगळी एकाच घरातली मंडळी. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही पण तेही नुसतं भरताड. एक बरं आहे, १९९२ च्या कायद्यानं (२००३ मध्ये तो आणखी कडक झाला) आपल्याकडे दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला बंदी आहे, आणि डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटोही छापता येत नाही. तरी इन्स्टावरच्या ‘मॉम’ लोकांकडून कूपन कोड येतातच. कुणी फुकट सॅम्पल देऊ केलं तर समजून घ्या की तो माणूस कायदा मोडतोय.

तोंडानं चोखायच्या त्या प्युरीच्या पिशव्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेक सफरचंद-आंबा, म्हणजे गोड. चोखून खाल्ल्यामुळे चावायची सवय लागत नाही, आणि अर्धी चोखलेली पिशवी बॅगेत ठेवली की माझ्या खिचडीसारखीच गत. विमानात किंवा अडकून पडल्यावर एखादी असावी, वाटीत काढून चमच्यानं द्यावी. बाकी एका पिशवीच्या पैशात डझनभर वेलची केळी जवळपास येतात, आणि केळ्याइतकं पक्कं पॅकिंग अजून कुठल्या कंपनीला जमलेलं नाही.

रोजच्या वेळेचं म्हणाल तर बाळासाठी वेगळा स्वयंपाक करायचाच नाही. आमच्या कुकरात डाळ-तांदळाच्या डब्यांवर एक तिसरा, छोटा डबा असायचा. त्यात मूठभर तांदूळ, मूगडाळ, लाल भोपळ्याची किंवा गाजराची फोड, भरपूर पाणी. त्याच शिट्ट्यांत गुरगुट्या भात तयार. कधी तेही जमलं नाही तर फोडणी आणि मीठ घालायच्या आधी वाटीभर वरण बाजूला काढायचं. एक वर्षापर्यंत मीठ-साखर घालायची गरज नसते. मध तर अजिबात नको, उष्टावणाला कुणी हौसेनं बोट चाटवायला आलं तरी नको. त्यातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषानं होणारा आजार) होऊ शकतो आणि तो तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तुमच्या तोंडून ऐकलं तर वाद होईल. माझा झाला होता.

रविवारी डाळ-भाजीची प्युरी करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा प्रयोग आम्ही दोन महिने केला. चालतो, पण बाहेर काढलेली वडी एकदाच आणि खळखळून गरम करायची. पुढे कंटाळा आला. तोवर पोराला गुठळ्या चालायला लागल्या होत्या. आठव्या-नवव्या महिन्यापासून मिक्सर बंद करून नुसतं बोटांनी कुस्करायला लागा. फार दिवस गुळगुळीत दिलं तर मुलं नंतर भाजीचा तुकडा आला की ओकारी काढतात.

तुमची रजा संपत आल्याचंही तुम्ही लिहिलंय. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पण त्यातले ८ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. माझ्या बायकोनं पाच आठवडे आधी घेतले, म्हणजे बाळ पाच महिन्यांचं होण्याआधीच ती ड्यूटीवर. तेव्हा ‘आता डब्यातली दूध पावडर सुरू करा’ असं सगळ्यांनी सांगितलं. आम्ही तो महिनाभर काढून ठेवलेल्या दुधावर भागवलं. तुमचं बाळ सहा महिन्यांचं झालंच आहे, त्यामुळे तुम्हाला हा पेच नाही. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा थोडं-थोडं पुरे, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. ५० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्यानं हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथं जायची मुभा आहे, हे एचआरला एकदा लेखी विचारून बघा. आम्ही विचारलं तेव्हा ‘बघतो’ असं उत्तर आलं होतं.

खासगी पाळणाघरात द्यायचा डबा जितका साधा तितका बरा. आमच्याकडच्या मावशी प्रेमळ होत्या, पण पंधरा मुलांत प्रत्येकाची पेज ढवळत कोण बसणार? एकदा बघितलं तर पोराला दुधात बुडवलेली बिस्किटं. मग मी छोट्या डब्यांत मोजून कोरडं पीठ द्यायला लागलो, वर चिठ्ठी: ‘एवढं कढत पाणी’. तिथं मात्र आठवड्यातून दोन दिवस विकतचं, साखर नसलेलं पाकिटातलंही दिलं. काही बिघडलं नाही.

आता गावी जातानाची पिशवी: उकळतं पाणी भरलेला थर्मास (आधी दहा मिनिटं कढत पाण्यानं भरून तापवून घेतलेला), पिठाचा डबा, पाकीट एक अडीअडचणीला, चार केळी, दोन वाट्या, दोन चमचे, लाळेरं. शिजवलेलं काही न्यायचंच असेल तर पहिल्या दोन तासांत संपेल एवढंच. अंगावर पाजायचं असेल तर मोठ्या एसटी स्टँडांवर हिरकणी कक्ष असतो. कुलूप असलं तर चौकशीच्या खिडकीवर किल्ली मागायची, लाजायचं नाही.

आणि तुमचा रस्ताही साताऱ्याकडचा असेल तर खंबाटकी घाट चढायच्या आधी भरवू नका. घाट उतरून पहिल्या बऱ्या हॉटेलात थांबा, तुम्ही चहा घ्या, तोवर बाळाचं पीठ फुगतं.