ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने एकाच रस्त्याची इतकी चित्रं का रंगवली? जलरंगात काम करणाऱ्याने त्यातून काय घ्यावं?

प्रश्न वोल्डगेटच्या चित्रांबद्दल आहे असं धरून लिहितो.

वोल्डगेट हा इंग्लंडच्या पूर्व यॉर्कशरमधला, ब्रिडलिंग्टनजवळचा शेतांमधून जाणारा साधा रस्ता. मुद्दाम बघायला जावं असं तिथे काही नाही. हॉकनी मूळचा यॉर्कशरचाच, जन्म १९३७, ब्रॅडफर्ड. पण त्याची बरीच वर्षं लॉस एंजेलिसमध्ये गेली आणि तिथे ऋतूंचा फरक फारसा जाणवत नाही. १९९७ मध्ये आजारी मित्र जोनाथन सिल्व्हरला भेटायला तो या भागातून वारंवार गाडीने जात असे. रोज तोच रस्ता आणि रोज पिकांचा रंग थोडा वेगळा. या निसर्गचित्रांची सुरुवात तिथून झाली.

त्याची भूमिका एका वाक्यात सांगायची तर, कॅमेरा एका डोळ्याने एक क्षण पाहतो, माणूस दोन डोळ्यांनी, मान वळवत, वेळ घालवत पाहतो. पर्स्पेक्टिव्हच्या नियमात सगळ्या रेषा लांबवरच्या एका बिंदूत मिळतात आणि बघणारा एका जागी खिळतो. हॉकनीला ते मान्य नाही. चिनी गुंडाळीचित्रांत नजर चालत जाते, मुक्कामाचं एकच ठिकाण नसतं, आणि तो त्यांचा चाहता आहे. १९८६ चं ‘पेअरब्लॉसम हायवे’ शेकडो फोटो जोडून केलेलं आहे: प्रत्येक फोटो त्या-त्या वस्तूच्या जवळ जाऊन काढलेला. वोल्डगेटची अनेक कॅनव्हास जोडून केलेली चित्रं त्याच विचाराची पुढची पायरी आहे, असं माझं मत आहे.

‘बिगर ट्रीज निअर वॉर्टर’ (२००७) बघा. हे वोल्डगेटचं नाही, पूर्व यॉर्कशरमधल्याच वॉर्टर गावाजवळचं आहे, पण पद्धत तीच. ५० कॅनव्हास, प्रत्येक साधारण ३ बाय ४ फूट, जोडल्यावर १२ मीटरपेक्षा जास्त रुंद आणि साडेचार मीटर उंच. हे काम जागेवर झालं आणि पालवी फुटायच्या आत संपवणं भाग होतं, कारण पानं आली की फांद्यांची जाळी झाकली जाते. एवढं चित्र एकत्र लावून बघायला जागा नव्हती. म्हणून कॅनव्हासचे डिजिटल फोटो काढून ते संगणकावर जोडायचे, पूर्ण चित्र तपासायचं आणि मग पुढचे कॅनव्हास घ्यायचे. म्हणजे फोटोला त्याचा विरोध नाही. तपासायला फोटो चालतो, बघण्याच्या जागी चालत नाही.

आता तुमच्या कामाकडे येऊ. ३०० जीएसएमचे (म्हणजे जाड) ११ बाय १५ इंचांचे चार कागद घ्या, २ बाय २ असे लावले की २२ बाय ३० इंचांचं चित्र होतं. आधी वहीत काडेपेटीएवढा आराखडा काढून त्याचे चार भाग करा. क्षितिजरेषा सांध्यावर ठेवू नका, वरच्या किंवा खालच्या जोडीत पूर्ण येऊ द्या. जिथे फांदी किंवा रस्त्याची कड एका कागदातून दुसऱ्यात जाते, तिथे दोन्ही कागदांच्या कडेला पेन्सिलने खूण करा. रंगवताना प्रत्येक कागदासाठी मान वळवून त्याच भागाकडे बघा. त्यामुळे सांध्यावर रेषा थोडी सरकते. ती सरकू द्या. बोटभर फरकाने चित्र जिवंत वाटतं, त्याहून जास्त झाला तर चूक वाटते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आकाश. पहिल्या कागदाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वाळल्यावर फिका पडतो, दुसऱ्यासाठी नव्याने केलेलं मिश्रण गडद होतं आणि मध्ये पट्टा दिसतो. वरच्या दोन्ही कागदांना पुरेल एवढा रंग एकाच वाटीत कालवा आणि दोन्ही वॉश लागोपाठ द्या. दुसरी अडचण सावल्यांची. दोन तासांत त्यांची दिशा बदलते. चारही कागदांवर सावल्या आधी आखून घ्या, किंवा रोज त्याच वेळी जाऊन एकेक कागद करा. दुसरा मार्ग हॉकनीच्या विचाराला जास्त धरून आहे. मात्र तेव्हा आकाशाच्या मिश्रणातले रंग आणि प्रमाण वहीत लिहून ठेवा, वाळलेला नमुनाही सोबत न्या.

जागा घराजवळची निवडा, म्हणजे परत परत जाता येईल. हॉकनी हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या पांढऱ्या फुलोऱ्याच्या मोजक्या दिवसांची वर्षभर वाट बघत असे. आपल्याकडे काटेसावर किंवा पळस तसाच चकवतो. पळस निष्पर्ण असताना फुलतो, तेव्हा काळसर वाकड्या फांद्यांवर केशरी रंग सुटा दिसतो. त्या फांद्यांचा सांगाडा आधीच, फुलं नसताना पेन्सिलने काढून ठेवा. फुलं आली की केशरीसाठी कागद कोरा राखा, कारण वाळलेल्या काळसर रंगावर पारदर्शक केशरी दिलं तर ते मळकं तपकिरी दिसतं.