घरात सापडलेलं माळढोकाचं जुनं चित्र अस्सल आहे का, कसं ओळखायचं?

आजोबांच्या ट्रंकेत माळढोकाचं चित्र सापडलं, खाली ई. गूल्ड असं नाव आहे, कागद पिवळा पडलाय. तर ते १८३१च्या सुमाराचं असेल का, असं तुम्ही विचारलंय.

पिवळ्या कागदावर जाऊ नका. चहाच्या पाण्यात बुडवला की कागद एका रात्रीत शंभर वर्षांचा होतो. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग आणा आणि पक्ष्याची पांढरी मान बघा. अस्सल चित्र शिळाछापाचं आहे. दगडावर तेलकट खडूने काढलेलं, त्यामुळे रेघ कणीदार, पण निव्वळ काळी. रंग त्यावर हाताने भरलेत. कुठे ना कुठे ते रेघेबाहेर गेलेले असतात, आणि जलरंग वाळताना कडेला जरा गडद होतो तोही दिसतो. याउलट काळी रेघसुद्धा निळ्या-गुलाबी ठिपक्यांची निघाली, तर विषय संपला.

मी स्वतः फसलोय. मुंबईतल्या एका दुकानातून हाच माळढोक चौकटीसकट आणला. घरी काच काढून भिंग लावलं, तर मानेवर ठिपक्यांची रांगोळी! खाली ‘निसर्गावरून आणि दगडावर रेखाटन: ई. गूल्ड, छपाई: हलमंडेल’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ मात्र जशीच्या तशी. नक्कल करणारा ती कशाला गाळेल?

हे ई. म्हणजे एलिझाबेथ. हे चित्र ज्या पुस्तकातलं, त्यावर नाव नवऱ्याचं, जॉन गूल्डचं. कच्ची रेखाटनं त्याची, दगडावरचं काम हिचं. गंमत म्हणजे पुस्तक हिमालयातल्या पक्ष्यांचं, आणि त्याच्या ८० चित्रांत आपला माळावरचा माळढोक जाऊन बसलाय!

मूळ पान सुमारे ५५ सेंटिमीटर उंच होतं. समास कापलेले असू शकतात, पण चित्रच वहीच्या पानाएवढं असेल तर आशा सोडा. कडेने दबलेली चौकट हवीच, असं सांगणारे भेटतील. ती तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांना असते, शिळाछापाला नाही. पायाखालची जमीन बिनरंगी असली तरी घाबरू नका, सुरुवातीच्या प्रतींत तशीच आहे.

हेच ह्यूम आणि मार्शल यांच्या १८७९-८१च्या, शिकार केल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्या पुस्तकातलं तणमोराचं (माळढोकाच्या छोट्या भाऊबंदाचं) पान असतं, तर हिशेब वेगळा. त्यात रंगही दगडावरूनच छापलेत, म्हणून रंगीत कण दिसले तरी लगेच नकली म्हणायचं नाही. ती चित्रं खुद्द ह्यूमलाच फारशी पटली नव्हती. चुकलेल्या रंगांबद्दल त्याने त्याच पुस्तकात टिपा जोडल्या.

लॅमिनेशन मात्र करू नका, चिकटपट्टीही नको. मानेचा आणि खालच्या ओळीचा भिंगातून काढलेला फोटो टाका, फ्लॅश न लावता, म्हणजे नीट सांगता येईल.