दात्याची झडप शरीर नाकारत नाही का?

तुमच्या सहा वर्षांच्या पुतण्याला होमोग्राफ्ट, म्हणजे मृत दात्याच्या हृदयातली झडप बसवायची आहे. किडनी बदलल्यावर देतात तशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यात देणार नाहीत, मग शरीर ती नाकारत नाही का, असं तुम्ही विचारलंय. नाकारतं, पण हळूहळू. मी काही वर्षं टिश्यू बँकेत, म्हणजे दात्यांच्या झडपांसारखे अवयवांचे भाग साठवतात तिथे, काम केलंय, म्हणून सांगतो.

१९६२ साली लंडनला डोनाल्ड रॉस आणि ऑकलंडला ब्रायन बॅरट-बॉइज यांनी अशा झडपा बसवल्या. पुढे निर्जंतुक करण्यासाठी रसायनं वापरली, किरणांचा मारा केला. त्या झडपा लवकर फाटायच्या. १९७५ पासून ब्रिस्बेनला मार्क ओब्रायन यांनी गोठवलेल्या झडपा वापरल्या. डीएमएसओ या पेशींना गोठताना जपणाऱ्या रसायनाच्या द्रावणात, पिशवीत ठेवून मिनिटाला साधारण एक अंश थंड करायचं, मग द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवायचं. घाई केली तर पेशीतलं पाणी बाहेर पडत नाही, आतच बर्फ होतो. गोठलेली झडप काचेसारखी असते, पिशवी आपटली तर तडा जाऊ शकतो. कोमट पाण्यात वितळली की पाकळी इतकी पातळ, की पलीकडचं बोट दिसतं.

खरी अडचण इथेच आहे. जितक्या पेशी जिवंत राखाल, तितकं परकेपण शरीराला दिसतं. त्या पेशींवर दात्याचे एचएलए, म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं ती प्रथिनं असतात आणि बहुतेक मुलांच्या रक्तात काही महिन्यांत त्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्यावर हल्ला करणारी प्रथिनं, तयार होतात. तरी झडप लगेच बंद पडत नाही, कारण उघडझाप कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या सांगाड्यावर चालते. पण दात्याच्या पेशी गेल्या की डागडुजी करणारं कोणी उरत नाही, कॅल्शियम साचतं. लहान मुलांत हे लवकर होतं, शिवाय झडप मुलाबरोबर वाढत नाही. पुढे कधी झडप पुन्हा बदलावी लागेल, हे मनाशी धरून ठेवा.

दुसरा पर्याय डुकराच्या झडपेचा; तिच्यावर ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया करतात. परकेपण बरंच झाकलं जातं, पण मुलांत कॅल्शियम आणखी झपाट्याने साचतं. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी तिसरी वाट धरली: मानवी झडपेतल्या पेशी धुऊन टाकायच्या, नुसता सांगाडा बसवायचा. याच्या अगदी उलट, २०२२ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात एका नवजात बाळाला दात्याच्या न गोठवलेल्या, जिवंत झडपा बसवल्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली, पण झडपा बाळाबरोबर वाढल्या.

सर्जनना दोन गोष्टी नक्की विचारा: पेशी काढलेली झडप मिळेल का, आणि पुढे पूर्ण हृदय बदलायची शक्यता कितपत आहे. तशी वेळ आली तर या अँटिबॉडींमुळे जुळणारा दाता मिळणं अवघड होतं.