कोठ्याची पश्चिमेची भिंत एकट्यानं उभी करायची असेल तर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. पुसदकडचा आजोबांच्या काळातला कोठा (गुरांचा गोठा), पश्चिमेची पंधरा फूट भिंत गेल्या पावसाळ्यात बसली, दोन मेढींचे (छपराच्या लाकडी खांबांचे) बुडखे सडले, कवेलू (कौलं) अर्धेअधिक फुटले. मजूर मिळत नाहीत, भाऊ पुण्याला, म्हणून सगळं एकट्यानंच करायचं आहे. गावातला मिस्त्री म्हणतो, माती सारी फेकून द्या, विटा-सिमेंटची भिंत घ्या आणि वर टिन मारा. हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते नाही. भिंत मातीची होती म्हणून पडली नाही, तिच्या बुडाशी पाणी मुरत राहिलं म्हणून पडली. ते पाणी तसंच ठेवून सिमेंटची भिंत घेतलीत, तर तीही तडकेल आणि शेजारच्या जुन्या भिंतीलाही ओढेल. सेवाग्रामचं आदी निवास, म्हणजे गांधीजींचं तिथलं पहिलं घर, 1936चं आहे. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांवर ते आजही उभं आहे, कारण त्याची डागडुजी कधी थांबली नाही.

आधी पाणी कुठून आलं ते शोधा. कोठ्याच्या बाहेरची जमीन दरवर्षी शेणामातीनं, उकिरड्यानं थोडी थोडी चढत जाते. पन्नास-साठ वर्षांत ती जोत्याच्या वर येते आणि दगडाऐवजी थेट मातीला ओल लागते. तुमच्याकडेही हेच झालं असणार. बाहेरून खरवडून जोत्याचे दगड उघडे करा आणि भिंतीपासून लांब, दर चार फुटांना दोन-अडीच इंच असा उतार द्या. दुसरं पाणी आतलं, म्हणजे गोमूत्राचं. त्यातले क्षार भिंतीत चढतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि मातीचा भुगा होत जातो. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर पांढरट फुललेला पट्टा दिसत असेल, तो लोणा. गोमूत्राची नाली भिंतीपासून हातभर आत घ्या आणि बाहेर एका खड्ड्यात सोडा. खत म्हणूनही ते कामाला येतं. तिसरं पाणी वळचणीचं. पश्चिमेचा झडीचा पाऊस सरळ भिंतीवर येतो, म्हणून त्या बाजूला छप्पर किमान दोन फूट पुढे आलं पाहिजे.

आता एक गोष्ट पाहून घ्या. छपराचा भार मेढींवर आहे की भिंतीवर? आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कोठ्यांत आढं (छपराच्या माथ्याचं लांब लाकूड) आणि मयाली (आडव्या तुळया) मेढींवर असतात, भिंत फक्त आडोसा असते. तसं असेल तर काम एकट्याचं आहे. मयाल भिंतीत घुसवलेली असेल तर सुताराला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

मलबा उपसायची घाई नको. पडलेल्या मातीचा ढीग कधी कधी उरलेल्या भिंतीला टेकून धरतो. आधी वरचे कवेलू उतरवा, म्हणजे वजन कमी होतं. फाट्यांवर (कवेलू ज्यांवर बसतात त्या बांबू-लाकडांवर) शिडी आडवी टाकून तिच्यावरून चाला, कवेलूवर पाय देऊ नका. उतरवलेला प्रत्येक कवेलू बोटानं वाजवून पाहा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर बाजूला. देशी कवेलू घडवणारे कुंभार आता फार कमी राहिले आहेत. कमी पडले तर गावात कुणी जुनं घर पाडत असेल त्याच्याकडून घ्या. ढिगात हात घालताना हातमोजे आणि काठी ठेवाच. फुटक्या कवेलूखाली विंचू हमखास असतो, घोणसही असते.

मग टेकू. जाड बल्लीचा टेकू मेढीच्या अगदी जवळ, मयालीखाली द्या, त्याच्या बुडाखाली रुंद फळी किंवा सपाट दगड ठेवा. काळ्या जमिनीवर नुसता टेकू दिला तर तो रुतत जातो. बाटली जॅकनं मयाल जेमतेम उचला, मेढ मोकळी झाली की थांबा. त्याहून जास्त उचललंत तर वरचे सांधे निसटतात. हे एवढं काम मात्र एकट्यानं करू नका. तुम्ही जॅकवर असताना मयालीकडे पाहणारा दुसरा माणूस हवा. त्या सकाळी शेजाऱ्याला बोलवा, बाकी दिवस तुमचे.

मेढीचा सडलेला बुडखा स्क्रूड्रायव्हरनं टोचत वर जा. जिथं टोक आत जात नाही तिथून सरळ कापून टाका. नवं लाकूड जोडायच्या भानगडीत पडू नका, ते सुताराचं काम. त्याऐवजी तळखडा, म्हणजे मेढीखालचा दगड, उंच करा. मुरूम लागेपर्यंत खोदून, दगड आणि काँक्रीटचा फूट-दीड फूट वर येणारा ठोकळा भरा, मधोमध बारा मिलिमीटरची सळाख उभी सोडा आणि मेढीच्या बुडाला भोक पाडून मेढ तिच्यावर बसवा. सळाख नसली तर म्हैस अंग घासता घासता मेढ सरकवते. सिमेंटची खरी जागा इथं आहे. लाकूड जमिनीच्या वर राहतं, ओल लागत नाही, आणि उधई (वाळवी) चढलीच तर दगडावर तिची मातीची नळी लगेच दिसते. मेढ बसवण्याआधी कापलेल्या तोंडाला जवसाचं तेल दोन-तीनदा पाजा.

आता पायवा, म्हणजे भिंतीचा पाया. पडलेल्या भिंतीखाली एका जागी खोदून पाहा. जुने लोक काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जात असत. तसा पायवा असेल आणि दगड हलले नसतील तर त्याला अजिबात छेडू नका. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, तिच्यावर टेकलेलं काहीच जागेवर राहत नाही. पायवा दुरुस्त करायचाच असेल तर एकावेळी तीन-चार फूटच उघडा, भरा, मग पुढचा तुकडा. त्यावर जोतं काळ्या दगडाचं, बाहेरच्या जमिनीपासून दोन फूट.

आता भिंत. ओल्या गाऱ्याचे (कालवलेल्या मातीचे) थर रचून भिंत घालायला दोन-तीन माणसं लागतात. एकट्याला कच्च्या विटाच परवडतात, कारण त्या आपल्या सवडीनं पाडता येतात. नऊ बाय सहा बाय चार इंचाचा लाकडी साचा करा. वाळलेली वीट साधारण सहा किलोची होते, दिवसभर उचलता येते. आणि या मापात एक मोठी सोय आहे. भिंतीच्या जाडीत एका थराला दोन विटा लांबीनं, म्हणजे नऊ अधिक नऊ, आणि पुढच्या थराला तीन विटा रुंदीनं, म्हणजे सहा त्रिक अठरा. दीड फुटाची भिंत, थरागणिक सांधमोड आपोआप, एकही वीट तोडावी लागत नाही. जोत्याच्या वर पाच फूट उंची धरली तर पंधरा फुटांना सातशेच्या आसपास विटा लागतील. गारा आदल्या संध्याकाळी भिजवला असेल तर एक माणूस दिवसाला ऐंशी-शंभर पाडतो.

पडलेल्या भिंतीची माती फेकू नका, तीच सगळ्यात चांगली आहे. ती गावठाणातली पांढरी माती आहे, एकदा मुरलेली, आकसून झालेली. फक्त लोणा लागलेला खालचा भाग वेगळा काढून शेतात टाका. कमी पडली तर पांढरीच आणा, वावरातली काळी चुकूनही मिसळू नका. शंका वाटली तर काचेच्या बरणीत माती आणि पाणी खळबळून रात्रभर ठेवा. रेती तळाला बसते, चिकण वर. चिकणीचा थर फार जाड दिसला तर रेती वाढवा. गव्हाचं कुटार (भुसा) भरपूर घाला, त्यानं तडे आवरतात.

विटा फेब्रुवारी-मार्चमध्ये पाडा. मे महिन्याच्या उन्हात त्या वरून झटकन वाळतात आणि उकलतात, पाडायच्याच असतील तर वर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पसरून सावली करा. ताडपत्री मात्र हाताशी हवी. 2014 साली याच दिवसांत आपल्याकडे गारपिटीनं काय केलं ते तुम्ही विसरला नसाल.

रचताना दिवसाला चार थरांपेक्षा वर जाऊ नका. जुन्या भिंतीचं तोंड पायऱ्यांसारखं कापा, पाणी शिंपडा आणि नवे थर त्या दात्यांत अडकवा. सरळ टेकवलेली भिंत पहिल्याच वर्षी सुटते. सगळ्यात वर, मयालीखाली, दोन बोटं फट ठेवा. नवी भिंत वाळताना बसते. महिनाभरानं ती फट गाऱ्यानं भरा. नंतर शेण, माती आणि बारीक कुटार यांचा छाबा (गिलावा) दोन हातांत. सिमेंटचं प्लास्टर कुणी कितीही सांगितलं तरी नको. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती ओल आत कोंडतं, भिंत आतून पिठासारखी होते आणि प्लास्टर खपल्याखपल्यांनी मातीसकट खाली येतं. शंभर वर्षांच्या धडधाकट भिंती मी याच पायी गेलेल्या पाहिल्या आहेत, आणि ते पाहून जीव तुटतो.

छपराबाबत मिस्त्री अगदीच चूक नाही. वानरं कवेलू टिकू देत नाहीत, दरवर्षी फेरणी (कवेलू काढून पुन्हा बसवणं) करायला माणूस मिळत नाही, त्यामुळे लोक टिनाकडे वळले हे समजण्यासारखं आहे. पण पंचेचाळीस अंशाच्या उन्हात टिनाखाली बांधलेलं जनावर दिवसभर धापा टाकतं. जिथं जनावरं बांधता तिथं कवेलूच ठेवा, कुटार-ढेपेच्या बाजूला टिन घाला. टिनाला प्रत्येक फाट्यावर जे-हूक आणि वायसर हवेतच. मे महिन्याचं वावधन (वादळी वारं) सुटलं की ते पहिल्यांदा कडेचा पत्रा उचलतं, म्हणून कडेला हूक दुप्पट. आणि एकट्यानं पत्रा चढवायचा तो सकाळी, वारा पडलेला असताना. दहा फुटांचा पत्रा जेमतेम दहा-बारा किलोचा असतो, पण वाऱ्यात तो माणसाला खाली ओढतो.

नवे फाटे बांबूचे घेणार असाल तर स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला आता अडचण नाही, 2017च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून निघाला. सागाचं तसं नाही. धुऱ्यावरचा साग स्वतःचा असला तरी तोडायच्या आधी परवानगी घ्या. छप्पर कसंही करून मृगाच्या आधी बंद झालं पाहिजे.

आता मला दोन गोष्टी कळवा. आढं अखंड आहे की मध्ये सांधा आहे, आणि दोन मेढींमधलं अंतर किती. त्यावरून फाटे किती अंतरावर घ्यायचे आणि मध्ये एखादी जास्तीची मेढ लागेल का, ते सांगतो.